देवघरावरची वैकुंठगमनाची तसबीर नव्या घरात लावावी का?

नौपाडेकर:
रिडेव्हलपमेंटसाठी घर रिकामं करतोय. आजीची तसबीर खाली उतरवली. गरुडाच्या विमानात तुकोबा, खाली हात जोडलेली दहा-बारा माणसं. सगळ्यांचे चेहरे एका साच्यातले. डोळ्यांना पदर लावलेली ती त्यांची बायको जिजाई असावी. नव्या हॉलमध्ये ही लावू नये, असं माझं म्हणणं. घरात दोन तट पडलेत.

खाली उभी असणार ती माणसं कोण होती बघा. अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे, चाकणचे तेली. वाघोलीचे रामेश्वर भट : तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्याची कथा त्यांच्याच नावावर, आणि ‘आरती तुकारामा’सुद्धा त्यांचीच! आणि धाकटा भाऊ कान्होबा. भाऊ गेल्यावरचे त्याचे अभंग गाथेत आहेत. विठ्ठलाशी सरळ भांडलाय तो. चित्रात मात्र हात जोडून गप्प. हे खोटं नाही का?

घंटाळीकर:
दादा, तसबीर म्हणजे पंचनामा नव्हे. पुण्याची चित्रशाळा 1878 ची, रविवर्मा प्रेस 1894 ची आणि तीही घाटकोपरला, म्हणजे ठाण्याहून सहा स्टेशनं. हे छापखाने देवादिकांची चित्रं विकत होते. घेणारी बाई त्याला हार घालणार होती. देवाला शिव्या घालणाऱ्या कान्होबाला कोण हार घालेल?

ऐरोलीकर:
शिवाय मधे संतचरित्रं लिहिणारे महिपती आहेत, ते विसरू नका. तुकोबा गेले 1650 च्या सुमारास, महिपतींचं ‘भक्तलीलामृत’ 1774 चं. चित्रकाराच्या कानावर कीर्तनातली गोष्ट होती, गाथा उघडून कोण बसतंय? आणि जिजाईचं म्हणाल तर कीर्तनकारांनी तिला कजाग करून हशा वसूल केला. तुमच्या चित्रात निदान ती रडते तरी. माझ्या मते चित्रकारच तिच्याशी जास्त नीट वागला.

नौपाडेकर:
रडते, पण कशासाठी ते कुठे दिसतं? पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करीत गेली, हे तुकोबांनी स्वतःच सांगितलंय. दुसरीच्या पोटात तेव्हा नारायण होता, असं परंपरा सांगते. त्यानेच पुढे 1685 मध्ये पालखी सुरू केली. विमानाला अर्धी चौकट दिलीय आणि या बाईला कोपरा.

तलावपाळी:
चौकटीचं सोडा. आमच्याकडे तुकोबा म्हणून ज्याला उदबत्ती ओवाळायचे ते विष्णुपंत पागनीस निघाले! प्रभातच्या 1936 च्या चित्रपटातला फोटो. मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आईला सांगितलं, ती म्हणाली, मग काय झालं, नमस्कार पोचला की.

घंटाळीकर:
हेच म्हणतोय मी. काकूंचा मुद्दा बिनतोड आहे.

ऐरोलीकर:
बिनतोड कसला? नमस्कार पोचेल, पण घरातल्या पोरांना संताजी कोण ते त्यातून कळणार नाही. लावा, पण मुलांना गोष्ट पूर्ण सांगा.

नौपाडेकर:
ही मधली वाट मला पटत नाही. गोष्ट सांगायची तर गाथा आहे घरात. पण आईने निकाल दिलाय, हॉलमध्ये नाही तर तिच्या खोलीत. मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्लाय, म्हणून आज गोखले रोडला फ्रेमवाल्याकडे टाकून आलो. चारशे म्हणतोय. मत बदललेलं नाही.