अरांगचं भूत आणि ऐकून घेणारा माणूस: कोरियन अद्भुतकथांनी नाती सावरतात का?

पाऊलवाट:
कोरियातल्या मिर्यांगची ही दंतकथा. तिथल्या अधिकाऱ्याच्या मुलीला, अरांगला, दाई चांदणं बघायच्या निमित्तानं बाहेर नेते. एक हलका नोकर तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो, ती झगडते, तो तिला मारून बांबूच्या बनात टाकतो. पुढे तिथे येणारा प्रत्येक नवा अधिकारी पहिल्याच रात्री मरतो. रक्तानं माखलेली अरांग समोर उभी राहते आणि धसक्यानंच जीव जातो. तिला कुणाला मारायचं नसतंच, सांगायचं असतं! शेवटी एक जण दिवा लावून बसतो, पळत नाही, सगळं ऐकतो. दुसऱ्या दिवशी ती फुलपाखरू होऊन खुन्यावर बसते.

बाबा गेल्यावर माझं बहिणीशी दीड वर्ष बोलणं नव्हतं. तिनं विषय काढला की मी फोन ठेवायचे. ही कथा वाचली आणि एकदा पाऊण तास नुसतं ऐकलं. ती भांडत नव्हती. बाबांचं मी तिला उशिरा कळवलं, हे तिला बोलायचं होतं. अशा कथांत औषध आहे असं मला मनापासून वाटतं.

निवडुंग:
बहिणी बोलू लागल्या, बरं वाटलं. तरी असहमत. अरांगचं कुणी ऐकलं ते मेल्यावर. आणि 13व्या शतकातल्या 'साम्गुक युसा' या जुन्या कोरियन कथा-आख्यायिकांच्या ग्रंथातला चोयोंग बघा. रात्री घरी येतो तर अंथरुणात चार पाय. दोन माझ्या बायकोचे, उरलेले कुणाचे, असं गात नाचत तो मागे फिरतो. बायकोजवळ असतो रोगाचा देव. तो ओशाळतो, चोयोंगचं चित्र असेल त्या दारी येणार नाही असं वचन देतो. बायकोच्या तोंडी मात्र एक शब्द नाही. संसार मोडायला आलेल्या जोडप्याला यातून काय द्यायचं?

सायसाखर:
चोयोंग मीही कुणाला सुचवणार नाही. पण किम शि-सप (1435–1493) यांच्या 'कुमो शिन्ह्वा' या कथासंग्रहातली पहिली कथा घ्या. पोरका यांग बुद्धाशी डाव खेळून जिंकतो, बायको मिळते, ती निघते समुद्री लुटारूंच्या हल्ल्यात मेलेली मुलगी. तिचे आईवडील देवळात येतात. त्यांना ती दिसत नाही, जेवताना फक्त चमच्यांचा आवाज येतो. मूल गेलेल्या घरी मी हे वाचून दाखवलंय. त्या आई पहिल्यांदाच मुलाच्या ताटाबद्दल बोलल्या. यांग पुन्हा लग्न करत नाही, चिरीसान डोंगरात औषधी वनस्पती गोळा करायला जातो. 'आता सावर' असं कथा त्याला म्हणत नाही, हेच मला मोलाचं वाटतं.

निवडुंग:
ही कथा मान्य. अरांगवर मात्र ठाम आहे. ती बेपत्ता झाली तेव्हा कुणाबरोबर पळाली असं धरून बाप लाजेनं गाव सोडून गेला. मी वाचलेल्या कथनांत तो परत येत नाही. न्याय परक्यानं दिला. बापलेकीचं नातं कुठे सावरलं?

पाऊलवाट:
वडिलांचा विचार मी केलाच नव्हता. दीड वर्ष मीही धरूनच चालले होते, की ती घराच्या वाटणीसाठीच फोन करतेय.