'आरव' म्हणजे शांत की आवाज? बारशाची पत्रिका छापायची आहे

बाळाची_आत्या
भावाला मुलगा झाला. माघ शुद्ध पक्षातला जन्म, कृत्तिकेचा पहिला चरण, म्हणून गुरुजींनी 'अ' अक्षर काढून दिलंय. घरात सगळ्यांना 'आरव' पसंत आहे. नावांच्या वेबसाइटींवर अर्थ 'शांत, सौम्य' असा मिळाला आणि पत्रिकेत तसंच छापायचं ठरत होतं. पण आमच्या संस्कृत शिकवणाऱ्या काकांचं म्हणणं, की अर्थ नेमका उलटा आहे. नाव मलाच कानात सांगायचं आहे, तेव्हा त्याचा अर्थ मला नीट ठाऊक हवा.

आणखी दोन गोष्टी. जन्म सोमवारी पहाटे 3:20 चा, मग बारावा दिवस कसा मोजायचा? आणि दवाखान्यात जन्मनोंदीच्या अर्जावर नाव आत्ताच लिहा म्हणतायत. लिहावं का?

कोशवाचक
ताई, अभिनंदन. काका बरोबर सांगतायत. 'रु' म्हणजे आवाज करणे. त्या धातूपासून रव, आणि 'आ' उपसर्ग लागून आरव. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात शब्दाचे, म्हणजे ध्वनीचे पर्याय दिले आहेत तिथे नाद, निनाद, ध्वनी, रव यांच्याच रांगेत आरव, आराव, संराव, विराव येतात. आपट्यांच्या कोशातही आवाज, ओरडा असेच अर्थ आहेत. 'शांत' कुठेही नाही.

म्हणून नाव बदलायला हवं असं मात्र मला वाटत नाही. नाद हा सुंदर अर्थ आहे आणि बाळ जगात येतं ते आवाज करतच. चुकीचा अर्थ छापू नका, एवढंच. पत्रिकेत 'आरव : नाद, साद' असं लिहिलंत तर कुणालाही बोट ठेवता येणार नाही.

वेबसाइटींवरच्या अर्थांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हल्ली हा घोळ फार वाढलाय. 'रेयांश' म्हणजे सूर्याचा अंश असं सांगतात. रवि आणि अंश यांचा संधी 'रव्यंश' होतो, 'रेयांश' होत नाही. 'विवान' म्हणजे सूर्यकिरण म्हणतात. सूर्याचं नाव विवस्वान आहे, मधली अक्षरं गाळली की अर्थही गळतो. 'अव्यान' म्हणजे निर्दोष असं छापलेलं दिसतं. व्यान हा पंचप्राणांपैकी एक, तेव्हा अव्यानचा सरळ विग्रह 'व्यान नसलेला' असा होईल, आणि ते कुठल्याही बाळाला नको. 'अनय'ला तर फार जपा. नय म्हणजे नीती, अनय म्हणजे अनीती किंवा संकट. 'अनीश' दोन्हीकडे जातो : ज्याच्यावर कुणी स्वामी नाही तो, आणि ज्याच्यात सामर्थ्य नाही तोही. 'अथर्व' म्हणजे गणपती हा समज अथर्वशीर्षामुळे पसरला असावा. मूळ शब्द अथर्वन्, म्हणजे अग्नीची उपासना करणारा पुरोहित, आणि हा अर्थ काही कमी तोलाचा नाही.

स्वतः तपासायचं असेल तर आधी नाव फोडा : उपसर्ग कोणता, धातू कोणता, की दोन शब्दांचा समास आहे. मग आपटे किंवा मोनियर-विल्यम्स यांचा कोश उघडा. दोन्ही कोश कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण कोशात शब्द मूळ रूपात असतो. 'विवस्वान' शोधून सापडणार नाही, 'विवस्वत्' पाहावं लागतं. 'हनुमान'साठी हनुमत्, 'ओजस'साठी ओजस्, 'अथर्व'साठी अथर्वन्. ऱ्हस्व-दीर्घ बदलून आणि शेवटचं अक्षर हलन्त (पाय मोडलेलं) धरूनही शब्द मिळाला नाही, तर तो बहुधा हल्ली जुळवलेला आहे. जुळवलेलं नाव ठेवायला हरकत नाही, फक्त त्याच्यापुढे 'संस्कृत अर्थ' लिहू नये.

'अ' वरूनच अर्थाला पक्कं नाव हवं असेल तर अमेय (मोजता न येणारा), अनघ (निष्पाप), अमोघ (वाया न जाणारा), अर्णव (समुद्र), अद्वय (ज्याला दुसरा नाही). अनघ आणि अमोघ विष्णुसहस्रनामातही आहेत. गीतेच्या बाराव्या अध्यायातलं अनिकेतही चांगलं, पण त्याचा अर्थ 'ठरावीक घर नसलेला' असा आहे. वैराग्याचा तो भाव घरच्यांना आधी समजावून सांगा.

माजघर
बाराव्या दिवसाचं सांगते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. सोमवारी पहाटे 3:20 म्हणजे पंचांगाने अजून रविवारच. जन्माचा दिवस पहिला धरतात. रविवार पहिला, पुढचा रविवार आठवा, म्हणून बारावा गुरुवारी येतो. दवाखान्याच्या कागदावर सोमवार असेल आणि त्यावरून मोजलंत तर शुक्रवार निघेल, आणि गुरुजी एक दिवस सांगतायत, घरचे दुसरा, असा गोंधळ होईल. सोयर दहा दिवसांचं, ते दोन्ही हिशोबांनी आधीच फिटलेलं असतं. बाळंतिणीला बसवत नसेल तर सव्वा महिन्यानंतर चांगला दिवस बघून केलेलं बारसंही तितकंच खरं. टाके ओले असताना तिला दोन तास पाटावर बसवू नका.

ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नाव लिहितात, तिथे खरं तर चार नावं लिहायची असतात : कुलदेवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि चौथं व्यवहाराचं. माघाचं मासनाम अच्युत. (मार्गशीर्षापासून क्रम असा : कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश, पुंडरीकाक्ष.) तुमचं व्यवहारातलं नाव 'अ' वरूनच आहे, तर नक्षत्रनाम वेगळं काढायची गरज नाही. चार ओळी मावायला मोठं ताट आणि अर्धा किलो तरी तांदूळ घ्या. थर पातळ असेल तर अंगठी ताटाला घासते आणि अक्षरं फिसकटतात.

घुगऱ्यांना पंचवीस बायकांसाठी 1 किलो कोरडे हरभरे पुरतात, शिजून दुपटीहून जास्त होतात. रात्री भिजत घाला, आठ-दहा तास तरी. मीठ शिजल्यावर घाला. शिजले की पाणी पूर्ण निथळून परातीत पसरून गार करा. गरम असताना डब्यात झाकून ठेवले की संध्याकाळपर्यंत आंबतात. बऱ्याच बारशांत ओटीत आंबूस वास येतो, त्याचं कारण हेच.

दवाखाना
बाळाच्या बाजूने चार गोष्टी. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याच्या वरून-खालून द्यायचा मान वरवंट्याला द्या. टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून सगळ्या फेऱ्या त्याच्याकडून करून घ्या आणि बाळाला शेवटी एकदाच, मानेखाली हात ठेवून, पाळण्यात निजवा. बारा दिवसांच्या बाळाची मान धरलेली नसते. इतक्या हातांतून फिरताना ती मागे कलंडायला क्षणही पुरतो.

सोनं उगाळून मध चाटवायचा आग्रह होईल. वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, घुटीही नको आणि पाणीही नको.

डोळ्यांत काजळ नको. करगोट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मनगटातले काळे मणी फोटो झाले की काढा, दोरा तुटला तर मणी थेट तोंडात जातो. धुरी बाळ असलेल्या खोलीत नको. सर्दी-खोकला असलेल्यांनी लांबून आशीर्वाद द्यावा, आणि मुका कुणीच घेऊ नये. आत्याबाई, कानात 'कुर्र' करताना तोंड कानापासून चार बोटं दूर ठेवा आणि आवाज कुजबुजीइतकाच. पाठीवर धपाटे घालणाऱ्या भावजया पाळण्यापासून दोन पावलं मागे असल्या तर बरं.

नोंदवही
अर्जाबद्दल. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायलाच हवी, पण त्यात नाव असलंच पाहिजे असं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969, कलम 14 : नाव न लिहिता नोंद करता येते. पुढे 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. नावाची चर्चा चालू असेल तर रकाना रिकामा ठेवा. 'बाळ', 'बेबी' असं काही लिहून देऊ नका. एकदा नाव नोंदलं की कलम 15 खाली चूक दुरुस्त होते, आवड बदलली म्हणून नाव बदलून मिळत नाही. मग राजपत्राचा मार्ग उरतो, आणि त्यानंतर प्रत्येक कागद वेगळा बदलत बसावं लागतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, म्हणून इथली चूक सगळीकडे उतरते.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. आईचं नाव लग्नाआधीचं की नंतरचं हे तिच्या आधार कार्डाशी ताडून घ्या.

इंग्रजी स्पेलिंग आजच ठरवा. 'आरव'ला सुरुवातीला ए एकदा की दोनदा, आणि शेवटी व्ही. एकच ए लिहिलात तर परगावी मूल 'अरव' होतं. अंकशास्त्रासाठी जादा अक्षर घालायचा मोह टाळा, पुढे प्रत्येक फॉर्मवर ते गळतं आणि दोन कागद जुळत नाहीत. छापील प्रत हातात आली की खिडकीवरून हलण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी अक्षर-अक्षर वाचा. जन्मवेळ पहाटेची आहे तेव्हा तारीखसुद्धा बघा. दाखल्यावर सोमवारचीच हवी, पंचांगाचा रविवार तिथे चालत नाही.

बाळाची_आत्या
सगळ्यांचे मनापासून आभार. नाव आरवच ठेवतोय, गुरुवारी. अर्जावरचा रकाना सध्या रिकामा सोडायला भावाला सांगितलं. एकच राहिलं : गुरुजी म्हणाले, मुलाच्या नावाची अक्षरं सम हवीत, आरवमध्ये तीन आहेत. अडचण आहे का?

कोशवाचक
नियम खरा आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलासाठी दोन किंवा चार अक्षरी नाव सांगितलं आहे, मुलीसाठी विषम. पण गणेश, विजय, संजय, रमेश ही सगळी तीन अक्षरी नावं पिढ्यान्‌पिढ्या मुलांनाच ठेवली जातात आणि कुणी अडत नाही. गुरुजींचं मन राखायचं असेल तर तांदळावर वरच्या तीन ओळींपैकी एक सम अक्षरी लिहा. कुलदैवत खंडोबा असेल तर 'मल्हारी' तीन अक्षरी होतं, 'मार्तंड'ही तीनच, 'म्हाळसाकांत' मात्र पाच. 'शिव' दोनाक्षरी आहे आणि खंडोबा शंकराचाच अवतार, तेव्हा तिथे शिव लिहा.

पत्रिकेचा मजकूर हवा असेल तर : 'आरव, म्हणजे नाद. आमच्या घरात आलेल्या या नव्या आवाजाला आशीर्वाद द्यायला गुरुवारी नक्की या.'