सुबाभळीचा मुरघास रेडकांना चालतो का? शेपटीचे केस गळतायत

गोरेगाव_तबेला
नमस्कार मंडळी, आरेमध्ये आमच्या काकांचा तबेला आहे, मी नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ जातो. मुंबईत चाऱ्याचा भाव काय झालाय ते सांगायला नको. वाडा तालुक्यात आमची थोडी जागा आहे, तिथे बांधावर सुबाभूळ नुसती माजलीये, म्हणून एप्रिलमध्ये फांद्या छाटल्या, कुट्टी मशीनमधून काढल्या आणि २०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये दाबून मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) केला, १०० किलोला साधारण ३ किलो गूळ पाण्यात कालवून मारला होता. दीड महिन्याने पहिला ड्रम फोडला, वास मस्त आंबूस, लोणच्यासारखा. म्हशी तुटून पडल्या म्हणून रेडकांनाही घातला. तीन रेडकं आहेत, दोन पाच महिन्यांची आणि एक जेमतेम सव्वादोन महिन्यांचं. आता महिना झाला, मोठ्या दोघांच्या शेपटीचा गोंडा पातळ झालाय, हात फिरवला तर केस मुठीत येतात. धाकटं पातळ हगतंय. काका म्हणतात उवा असतील. मुरघासामुळे असं होतं का?

वसईचा_गोठेवाला
उवा असतील तर रेडकू अंग घासत बसेल की, ते बघा आधी. आणि भाऊ खरं सांगा, फक्त मुरघासच देताय की ओला पालापण चाललाय? मी दोन वर्षं सुबाभळीचा मुरघास घालतोय, पण एकटा कधीच नाही, एक भाग सुबाभूळ आणि दोन भाग नेपियर गवत. सुबाभळीत प्रोटीन चिक्कार पण साखर कमी, म्हणून नुसती दाबली तर आंबायला कुरकुर करते आणि कधीकधी सडक्या लोण्यासारखा वास मारते, तसा वास आला तर ड्रम सरळ उकिरड्यावर. गवत मिसळलं की निम्मं काम होतं.

परळचा_जुना_व्हेट
केस गळणं हे सुबाभळीचं ठरलेलं लक्षण आहे. तिच्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यात आणि बियांत सगळ्यात जास्त. मुरघास केला की बरंचसं मायमोसिन कमी होतं हे खरं, पण ते मोडून डीएचपी नावाचं जे द्रव्य तयार होतं ते गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला त्रास देतं, त्यामुळे मुरघास केला म्हणजे विष संपलं असं धरू नका. गळ्याखाली हात लावून बघा, गाठ लागते का, लाळ जास्त गळते का. एकूण चाऱ्याच्या कोरड्या वजनात सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, रेडकांना तर त्याहून कमीच. काही जनावरांच्या पोटात डीएचपी मोडणारे जिवाणू असतात. हवाईतल्या बकऱ्यांमध्ये ते सापडले आणि १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात नेऊन गुरांच्या पोटात सोडले, मग तिकडे गुरांना सुबाभूळ बाधेनाशी झाली. म्हणून तुमची म्हैस मजेत खाते यावरून रेडकाचं काही ठरवू नका.
आता धाकट्याचं. सव्वादोन महिन्यांच्या रेडकाचं रवंथाचं पोट अजून घडतंय, आंबट ओला मुरघास त्याला झेपत नाही. दूध, काफ स्टार्टर (वासरांचा खास दाणा), मूठभर चांगलं वाळलेलं गवत आणि स्वच्छ पाणी, बस. पोटाला आतून जी लव फुटते ती मुख्यतः दाणा खाऊन फुटते, पाला कितीही कोंबला तरी नाही. चार महिने होईपर्यंत मुरघासाचं नाव काढू नका. जुलाब दोन दिवसांत थांबले नाहीत किंवा डोळे आत गेले तर फोटो टाकत बसू नका, डॉक्टर बोलवा.

गोरेगाव_तबेला
वसईवाले दादा, पकडलंत. आत्ता गड्याला विचारलं तर म्हणतो दुपारी रेडकं ओरडतात म्हणून गोठ्यामागच्या झाडाची फांदी तोडून रोज टाकतो, शेंगांसकट! मला पत्ताच नाही. म्हणजे सकाळी मुरघास आणि दुपारी ताजा पाला, डबल डोस. गळ्याला गाठ नाही लागली, लाळपण नेहमीसारखीच.

चारकोप_गच्चीवाला
मी शेतकरी नाही पण विचारतो, पावसाळ्याच्या आधी सोसायट्यांमध्ये एवढी झाडं छाटतात, टेम्पो भरून पाला जातो, तो का नाही वापरत तुम्ही लोक? फुकट चारा.

वसईचा_गोठेवाला
फुकटचा चारा महागात पडतो साहेब. त्या टेम्पोत काय काय असतं कोणाला ठाऊक, सोसायटीच्या कुंपणाला कण्हेर तर हमखास, त्याची थोडी पानं गेली तरी जनावर आडवं होतं आणि मुरघास करून ते विष जात नाही. वर प्लास्टिक, तारा, खिळे. पाला कुठल्या झाडाचा ते स्वतः बघितल्याशिवाय कुट्टीत घालायचा नाही. झाडपाल्यात तुती बघा त्यापेक्षा, मुरघास छान होतो आणि जनावरं आवडीनं खातात. गिरीपुष्पाला जनावरं आधी नाक मुरडतात, पाला एक दिवस सुकवून घातला तर हळूहळू लागतात.

गोरेगाव_तबेला
अपडेट देतो. मोठ्या दोघांची सुबाभूळ पूर्ण बंद केलीये, ओली पण आणि ड्रममधली पण, आता कडबा कुट्टी, थोडी पेंड आणि हिरवं गवत. धाकट्याचा मुरघास बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी शेण घट्ट झालं, आज काफ स्टार्टर चाटत होतं, नाकाला सगळा भुगा. काका अजून उवांचं औषध आणा म्हणतायत. दोन ड्रम उरलेत, एकाचं झाकण सैल होतं आणि वर चार बोटं पांढरी बुरशी आलीये, वरचा थर काढून खालचा म्हशींना घातला तर चालेल का?

परळचा_जुना_व्हेट
नाही. बुरशी डोळ्यांना दिसते तेवढीच नसते, खालीही गेलेली असते, आणि दुभत्या म्हशीने बुरशीचा चारा खाल्ला तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरू शकतं. तो ड्रम खतात घाला. दुसरा घट्ट असेल तर गाभण म्हशी सोडून बाकीच्यांना गवतात मिसळून घाला, आणि एकदा उघडला की रोज वरचा थर काढत संपवा. या हवेत दोन दिवस उघडा राहिला तर तोही गेला.