अनुभव धागा : लेकरांना घेऊन थीम पार्कला जाताना खाण्याचा हिशोब कसा बसवता?

गोदाकाठची
सकाळी माळ्यावरून चार कप्प्यांचा स्टीलचा डबा काढला आणि शाळेच्या वेरूळच्या सहलीतल्या दशम्यांचा वास आठवला. आता सहलीच बदलल्यात. परीक्षा संपल्या की कुणी खोपोलीच्या इमॅजिकाला जायलेत, कुणी रामोजी फिल्म सिटीला, कुणी हैदराबादच्या वंडरलाला, कुणी शिर्डीच्या वॉटर पार्कला. तिकिटाचा आकडा निघण्याआधी कळतो, खाण्याचा परत आल्यावर. म्हणून हा धागा. नेमकं लिहा : काय बांधायचं, किती, आत काय घ्यायचं, पैसे कुठं गळतात. "लई मज्जा आली" वेगळ्या धाग्यावर टाका.

सुरुवात मी करते. हिशोब दिवसांचा नाही, वेळांचा मांडा. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी दुपारी घरी, म्हणजे सहा वेळा : गाडीतलं रात्रीचं, शनिवारचा नाश्ता, दुपारचं, चारचं, रात्रीचं, रविवारचा नाश्ता. यातल्या पार्कच्या आत फक्त दोन, दुपारचं आणि चारचं. चौघांसाठी आतलं जेवण माणशी ४०० धरलं तर १६००, चारचं माणशी १५० म्हणजे ६००, पाणी-सरबत-आइसक्रीम ५००. झाले २७००. बाहेरच्या चार वेळांपैकी दोनदा घरचा डबा, दोनदा साधं हॉटेल माणशी १५० नं, म्हणजे १२००. एकूण ३९००, वर दहा टक्के "लेकरू रडलं" खातं. ४३०० च्या आसपास. हे दर नुसते मांडणीपुरते आहेत, आपापल्या पार्कचे बघून बदला. पण प्रमाण बघा : सहातल्या दोन वेळा दोन तृतीयांश पैसे खातात.

मोंढा_नाका
गोदाताई, तुमच्या हिशोबात ५०० चं पाणी-सरबत कमी पडतं. मे महिन्यात मोठ्या माणसाला दिवसभर उन्हात तीन लिटर, लेकराला दीड-दोन. चौघांचे नऊ-दहा लिटर झाले. सगळं बाटलीनं घेतलं तर खिसा तिथंच फाटतो. पार्कच्या नकाशात पिण्याच्या पाण्याचे नळ कुठं आहेत ते आधी बघा आणि प्रत्येकाला एक रिकामी बाटली द्या. रिकामी बाटली बहुतेक ठिकाणी अडवत नाहीत, भरलेली कधी कधी ओतायला लावतात. काचेची अजिबात नको.

जवसचटणी
+१. आणि नुसतं पाणी पाणी करून भागत नाही, लेकरू चारला मलूल होतं ते घामानं अंगातलं मीठ कमी झाल्यामुळं. ओआरएसच्या पुड्या सोबत ठेवा, औषधात मोडतात, सहसा कुणी काढून घेत नाही. पुडीवर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घ्यायचं, अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी नको. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्याचा नाही!! टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला बघा.

नांदेड_देगलूर_हैदराबाद
आमच्या बाजूनं हैदराबाद जवळ. १६१ नंबरच्या हायवेनं देगलूर, संगारेड्डी करत. तिकडं जाणाऱ्यांनी खाण्याचं गणित उलटं मांडावं. सकाळी शहरातल्या टिफिन सेंटरवर इडली-डोसा-पुरी, उभ्यानं खायचं, चौघांचं २५०-३०० त भागतं. हॉटेलातला बुफे नाश्ता वेगळे पैसे देऊन घेऊ नका, रूमच्या भाड्यातच असेल तर गोष्ट वेगळी. रात्री "मील्स" लिहिलेल्या साध्या हॉटेलात जा, भात-पप्पू (घट्ट डाळ)-सांबार-भाजी पोटभर वाढतात. म्हाताऱ्या माणसांना भाकरीशिवाय चालत नसेल तर संध्याकाळी रस्त्याकडेला जोन्न रोट्टे करणाऱ्या बायका बसलेल्या असतात. ज्वारीचीच भाकर, आपल्यापेक्षा पातळ. दोन घ्या, चटणी आपली.

रामोजी शहरापासून तीसेक किलोमीटर लांब, त्यामुळं "दुपारी बाहेर येऊन जेवू" हे डोक्यातून काढा. तिथं तिकिटाचे प्रकार आहेत, वरच्यात जेवण धरलेलं असतं. साध्या आणि वरच्या तिकिटातला फरक काढायचा. फरक माणशी आतल्या जेवणाच्या दीडपटीपर्यंत असेल आणि बसही चांगली मिळत असेल तर वरचं घ्या. लेकरू पाच-सहा वर्षांचं असेल तर त्याचं साधंच. बुफेत ते गुलाबजाम आणि पापड खाऊन उठतं.

बीडचा_पाहुणा
गुलाबजाम आणि पापड 😂 आमच्याकडचं पण असंच

कारळं
डब्याबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

प्रवासाच्या धपाट्यात कांदा, कोथिंबीर, मेथी घालायची नाही. ओल्या पाल्यानं दुसऱ्या दिवशी सकाळीच वास मारतो. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, गव्हाचं एक, बेसन अर्धी, तीळ, ओवा, हळद, लसूण-जिरं-लाल तिखट कुटून. आंबट दह्यात भिजवायचं, वरून पाणी लागलं तर चमच्या-चमच्यानं. पीठ घट्ट. ओल्या फडक्यावर थापून मधे बोटानं भोक पाडायचं, त्यातून तेल सोडलं की मधला भाग कच्चा राहत नाही. कच्चं राहिलेलं धपाटंच आधी बुरसतं. किलोभर पिठाचे १६ ते १८ होतात. एका वेळेला मोठ्याला तीन, लेकराला दोन. चौघांचं एका वेळचं दहा, दोन वेळांचं वीस, म्हणजे सव्वा किलो पीठ.

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो : तव्यावरचं गरम धपाटं थेट डब्यात किंवा फॉइलमध्ये. वाफ झाकणाला लागते, थेंब खाली पडतात, खालचे तीन-चार लगदा. चाळणीवर नाहीतर सुती कापडावर एकेक पसरून पूर्ण गार करा, मग सुती कापडातच गुंडाळून डबा. वर्तमानपत्रात नको, शाई पोटात जाते. एफएसएसएआयनं (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) पण त्याला नकोच म्हटलंय.

लातूर_लोकल
@कारळं दशम्या का नाही? दुधात भिजवलेल्या दोन दिवस टिकतात की.

कारळं
दिवाळीत टिकतात. मे मध्ये बंद गाडीत दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपवा, पुढं भरवसा नाही.

लातूर_लोकल
मान्य. मग गुळाच्या दशम्या पहिल्या रात्रीला आणि धपाटे दुसऱ्या दिवसाला. चटणी शेंगदाण्याचीच. लसूण कच्चा कुटला तर चार-पाच दिवसांत संपवा, आधी कोरडा भाजून घेतला तर जास्त टिकते.

वसमतची_हळद
चुरमुऱ्यांची सुशीला करून नेली तर चालेल का? लेकरांना तेवढंच आवडतं

कारळं
नाही गं. भिजवलेले चुरमुरे दोन तासांत चिकट. त्याऐवजी भडंग कर. चुरमुरे कढईत मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत, फोडणी गार झाल्यावर वरून. गरम फोडणीत टाकले की आकसतात.

चेंगट_पण_समाधानी
एवढं सगळं करून गेटवर पिशवी उघडतात आणि डबा बाजूला ठेवायला लावतात, हे कुणी लिहिणार आहे का?

मोंढा_नाका
बरोबर. मोठ्या पार्कांत बाहेरचं खाणं आत चालत नाही. लहान बाळाचं खाणं आणि औषधं सोडतात. म्हणून डबा आत न्यायचाच नाही, गेटच्या अलीकडं संपवायचा. साधारण साडेदहा-अकराला पार्क उघडतं. साडेनऊला पार्किंगमध्ये चटई टाका, धपाटे-चटणी पोटभर. मग दुपारचं जेवण अडीचवर ढकलता येतं, आणि अडीचला जेवलं की चारचं खाणं आपोआप उडतं. गोदाताईंच्या हिशोबातले ६०० तिथंच वाचले. उरलेला डबा गाडीत, संध्याकाळी बाहेर आल्यावर पुन्हा तोच. मात्र आत-बाहेर करता येतं का ते आधी विचारा, बहुतेक ठिकाणी एकदा बाहेर आलं की तिकीट संपलं.

बीडचा_पाहुणा
पण कोर्टानं सांगितलंय ना बाहेरचं खाणं अडवता येत नाही म्हणून?

वकीलवाडी
उलटं सांगितलंय. आणि तो निकाल सिनेमागृहांचा, जानेवारी २०२३, सर्वोच्च न्यायालय. बाहेरचे पदार्थ अडवण्याचा हक्क चालकाला आहे, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आणू द्यायचं. थीम पार्कवर तो जसाच्या तसा लागू होतो असं धरून गेटवर भांडू नका. तिकिटाच्या मागच्या अटी वाचा, त्या मान्य करूनच तिकीट घेतलेलं असतं.

बिलाबद्दलही एक. मेन्यूतल्या दरावर रेस्टॉरंटचा ५ टक्के जीएसटी लागतो, तो द्यावाच लागतो. "सर्व्हिस चार्ज" वेगळा दिसला तर तो ऐच्छिक आहे, काढा म्हणायचं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या.

वसमतची_हळद
धन्यवाद दादा. हे माहीतच नव्हतं

सेलू_स्टेशन
रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी. रेल नीरची (रेल्वेचं बाटलीबंद पाणी) लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपये, अर्ध्या लिटरची ९. पंधरा-वीस मागितले तर छापील बघा. निवडक स्थानकांवर जनरल डब्यांसमोर २० रुपयांचं जेवण मिळतं, सात पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, लोणचं. पोट भरतं. गाडीतल्या ठेल्यावर "थाळी" म्हणून काय काय जोडून देतात, आधी दर विचारा, बिल मागा.

हिंगोलीकर_बाई
एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. शिर्डीला किंवा पुण्यापर्यंत एसटीनं गेलं तर वाचलेल्या पैशात दुपारचं जेवण निघतं 😀 तेलंगणात पण बायकांना फुकट आहे म्हणे?

नांदेड_देगलूर_हैदराबाद
ते तिथल्या रहिवासी बायकांना. आपलं महाराष्ट्राचं आधार दाखवलं की कंडक्टर तिकीट फाडतो.

हिंगोलीकर_बाई
हात्तिच्या

चेंगट_पण_समाधानी
शिर्डीला असाल तर संध्याकाळी संस्थानाच्या प्रसादालयात जेवा. कूपनची पद्धत काय आहे ते दर्शनाच्या वेळीच विचारून ठेवा. उगं हॉटेलात रांगेत बसण्यापेक्षा बरं.

झोके_पाळणे
खाण्याची वेळ राइडप्रमाणं ठरवा, लई फरक पडतो. एक ते दोन सगळी गर्दी जेवणाच्या काउंटरवर असते, तेव्हा मोठ्या राइडच्या रांगा लहान. उलट्या-सुलट्या राइड त्या वेळेत उरकायच्या, मग जेवायचं, जेवल्यावर तासभर शो, संग्रहालय, लेकरांची गाडी असलं बसून बघायचं. पोटात पावभाजी घेऊन रोलर कोस्टरवर चढलं की पावभाजीचे पैसे गेले आणि कपडे पण. वॉटर पार्कमध्ये उलटं : पाण्यातून बाहेर आलं की लेकरू भुकेनं थरथरतं, समोर दिसेल ते मागतं. पाण्यात उतरायच्या अर्धा तास आधी केळं, राजगिऱ्याचा लाडू असं काहीतरी पोटात घाला, हे गाडीपाशीच.

जवसचटणी
मनगटाच्या पट्ट्यावर किंवा कार्डावर पैसे भरून घेतात अशी पार्कं आहेत. तिथं एकदम दोन हजार टाकू नका. ८०० टाका, लागले तर परत. शिल्लक कुठल्या काउंटरवर, किती वाजेपर्यंत परत मिळते ते पैसे भरतानाच विचारायचं. बंद होताना तिथं मोठी रांग लागते आणि शंभर-दीडशेसाठी कुणी थांबत नाही, पार्कचं फावतं. दुसरं, लेकरांना सकाळीच सांगायचं : आत एक आइसक्रीम, एक तुमच्या पसंतीचं. कधी घ्यायचं ते त्यांनीच ठरवायचं. पॉपकॉर्न-शीतपेय-फ्राइज असल्या "कॉम्बो"मधलं शीतपेय काढून नुसता पदार्थ किती पडतो ते विचारा.

लातूर_लोकल
लॉजवर रात्रीचं खाणं महाग पडतं त्यांच्यासाठी : बारीक रवा खरपूस भाजून, फोडणी, मीठ, साखर घालून कोरडं मिश्रण पिशवीत. किटलीतलं उकळतं पाणी, एक वाटीला दोन वाट्या, झाकून आठ मिनिटं. उपमा तयार. किटलीत फक्त पाणी उकळायचं. दूध किंवा नूडल्स टाकल्या की तळाला करपतं, उतू जातं आणि लॉजवाला किटलीचे पैसे लावतो.

मुखेडची_सून
सासूबाईंना शुगर आहे, अडीचपर्यंत जेवण ढकलणं जमणार नाही. काय करू

जवसचटणी
त्यांचं वेगळं घड्याळ लावा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्या-इन्सुलिन एका पिशवीत, सोबत फुटाणे आणि ग्लुकोज. गेटवर चिठ्ठी दाखवून सांगायचं. त्यांना आत साडेबाराला इडली किंवा साधी पोळी-भाजी घ्या, बाकीचे नंतर जेवा. त्यांची गोळी कशावर बसवलीय ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच वेळा बदला.

मुखेडची_सून
बरं 🙏 आणि धपाट्यासोबत दही लागतंच त्यांना

कारळं
घरून दही नेऊ नका. बेचाळीस डिग्रीत डिकीत ठेवलं की दुपारपर्यंत नुसतं आंबट पाणी. जिथं उतराल तिथल्या डेअरीतून पाकीट घ्या, अर्धा किलो चौघांना पुरतं, तिथंच संपवा.

वसमतची_हळद
वाट्या-चमचे आठवणीनं घ्या गं, दरवेळी तेच राहतं

बीडचा_पाहुणा
डब्याच्या झाकणाला टेपनं चिकटवा. आणि पाकीट कापायला कात्री.