स्प्रिंग बूट: वाचनालयाच्या देवघेवीचे नमुना अ‍ॅप्लिकेशन आणि दर वेळी नाहीशा होणाऱ्या नोंदी

प्रश्न: देवघेव_खिडकी

नमस्कार. आजवर मी डेस्कटॉपवर चालणाऱ्या जावा प्रोग्रॅमवर काम केले आहे. वेबचा अनुभव नसल्यातच जमा आहे. स्प्रिंग बूट (जावामध्ये वेबवरचे प्रोग्रॅम उभे करण्याची चौकट) शिकण्यासाठी मी आमच्या गावच्या वाचनालयाची देवघेव नोंदवही हा विषय निवडला, कारण ती वही मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि तिच्यात काय लिहिले जाते हे कोणाला विचारावे लागत नाही. जावा १७, स्प्रिंग बूट ३.४, बांधणीसाठी मेव्हन, पानांसाठी थायमलीफ, डेटासाठी स्प्रिंग डेटा जेपीए (जावातील वस्तू डेटाबेसच्या तक्त्यांशी जोडण्याची पद्धत) आणि एचटू हा छोटा डेटाबेस अशी मांडणी आहे. पुस्तक, सभासद आणि देवघेव या तीन एंटिटी (तक्त्याशी जोडलेले वर्ग), प्रत्येकीची एक रिपॉझिटरी (तक्त्यातून नोंदी आणणारा व ठेवणारा भाग), आणि पुस्तक देणे, परत घेणे व बाहेर असलेल्या पुस्तकांची यादी दाखवणे अशी तीन पाने तयार आहेत.

अडचण अशी की अ‍ॅप बंद करून पुन्हा सुरू केले की सर्व नोंदी जातात. म्हणून मी डेटाबेसचा पत्ता बदलून मेमरीऐवजी फाइलचा दिला. त्यानंतर अ‍ॅप सुरू होते, पण यादीचे पान उघडताच व्हाइटलेबल एरर पेज (स्प्रिंग बूटचे साधे त्रुटीचे पान) येते आणि लॉगमध्ये देवघेव नावाचा तक्ता सापडत नाही, डेटाबेस रिकामा आहे, असा संदेश दिसतो. सुरुवातीची १२ पुस्तके भरणारी डेटा.एसक्यूएल ही फाइलही आता चालत नाही, आधी ती व्यवस्थित चालत होती. शेवटी डीडीएल-ऑटो या, तक्ते आपोआप कसे तयार करायचे ते ठरवणाऱ्या गुणधर्मापुढे 'अपडेट' लिहिल्यावर तक्ते तयार झाले. मात्र कार्यालयातील एका सहकाऱ्यांनी ते पाहून "हे कधीही लिहू नये" एवढेच सांगितले आणि ते निघून गेले. का लिहू नये, आणि त्याऐवजी काय लिहावे, हे मला समजून घ्यायचे आहे.

आणखी एक. एसक्यूएल लॉगमध्ये दाखवण्याची सोय सुरू केली तेव्हा ४० नोंदींच्या यादीसाठी पन्नासहून अधिक सिलेक्ट (डेटा वाचणाऱ्या एसक्यूएल आज्ञा) छापले गेलेले दिसले. हे असेच असते का?

उत्तर: जुना_टॉमकॅट

आपल्या पहिल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. तक्ते कोण तयार करतो, हे आपण कोठेही ठरवलेले नाही, त्यामुळे ते स्प्रिंग बूट स्वतःच्या अंदाजाने ठरवत आहे. डेटाबेस मेमरीतला असेल आणि फ्लायवे किंवा लिक्विबेस (तक्त्यांतील बदल क्रमवार फाइलींतून करणारी साधने) यांपैकी काहीही जोडलेले नसेल, तर डीडीएल-ऑटोची किंमत आपोआप 'क्रिएट-ड्रॉप' धरली जाते, म्हणजे सुरू होताना हायबरनेट (जेपीए प्रत्यक्ष चालवणारी लायब्ररी) एंटिटींवरून तक्ते तयार करतो आणि बंद होताना ते पाडतो. (मेमरीतला डेटाबेस प्रक्रिया संपल्यावर तसाही उरत नाही.) पत्ता फाइलचा दिला की तोच अंदाज बदलून 'नन' (काहीही करू नको) होतो: आता हा कोणाचा तरी खरा डेटा असू शकेल, त्याला हात लावायला नको, असा तो विचार आहे. म्हणून तक्ते झाले नाहीत आणि डेटाबेस रिकामा राहिला. डेटा.एसक्यूएलचेही तेच. ती फाइल मूळ नियमाप्रमाणे फक्त मेमरीतल्या डेटाबेसवर चालवली जाते. अन्यत्र चालवायची तर एसक्यूएल.इनिट.मोड या गुणधर्माला 'ऑल्वेज' ही किंमत द्यावी लागते, आणि मग दर वेळी तीच १२ पुस्तके पुन्हा भरली जातील, ही वेगळी डोकेदुखी.

आता 'अपडेट'विषयी. आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण कारण सांगायला हवे होते. 'अपडेट' एंटिटी आणि तक्ते यांची तुलना करून जे कमी आहे ते वाढवतो. जे जास्त झाले आहे ते काढत नाही, आणि नाव बदलले आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. समजा, देवघेव एंटिटीत आज 'दिनांक' असे क्षेत्र आहे आणि उद्या आपण त्याचे 'दिल्याचा दिनांक' असे नामकरण केले. हायबरनेट नवा रिकामा स्तंभ जोडेल, जुना स्तंभ जुन्या तारखांसह तसाच राहील, आणि यादीत सर्व तारखा कोऱ्या दिसतील. नवा स्तंभ रिकामा राहू नये अशी अट आपण घातलेली असेल आणि तक्त्यात आधीच ओळी असतील, तर तो बदल फसतो, पण अ‍ॅप थांबत नाही. लॉगमध्ये एक इशारा येतो आणि गाडी पुढे जाते. सर्वांत वाईट गोष्ट हीच, कारण आपल्या यंत्रावरचा तक्ता आणि दुसऱ्याच्या यंत्रावरचा तक्ता केव्हा वेगळे झाले हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

म्हणून नमुना अ‍ॅप असले तरी फ्लायवे जोडा. संसाधनांच्या फोल्डरात डीबी/मायग्रेशन या जागी व्ही१ पासून सुरू होणारी फाइल ठेवायची; आवृत्ती आणि नाव यांच्यामध्ये अंडरस्कोर दोन हवेत, एक दिल्यास फाइल ओळखली जात नाही. पहिल्या फाइलीत तक्ते, दुसरीत ती १२ पुस्तके. कोणती फाइल चालून झाली आहे याची नोंद फ्लायवे स्वतःच्या तक्त्यात ठेवतो, त्यामुळे पुस्तके एकदाच भरली जातात. चाललेल्या फाइलीत नंतर एखादे अक्षर बदलले तर चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही आणि अ‍ॅप सुरूच होत नाही. चूक दुरुस्त करायची ती पुढच्या क्रमांकाच्या नव्या फाइलीत, वहीत खाडाखोड न करता खाली दुरुस्तीची ओळ लिहितात तशी. आणि डीडीएल-ऑटोला 'व्हॅलिडेट' ही किंमत द्या, म्हणजे तक्ते एंटिटींशी जुळतात का एवढेच तपासले जाईल. आपण 'अपडेट'ने तयार केलेली फाइल मात्र आधी पुसून टाका, नाहीतर तक्ते आहेत पण त्यांचा इतिहास नाही, म्हणून फ्लायवे पहिल्याच पावलावर अडेल.

पन्नास सिलेक्ट असायलाच हवेत असे नाही. जेपीएमध्ये मेनी-टू-वन (अनेक नोंदी, एक पुस्तक) हे नाते मूळ नियमाने 'ईगर' (जोडलेली वस्तू लगेच आणणारे) असते, परंतु सर्व नोंदी मागणारी फाइंडऑल फक्त देवघेवीच्या ओळी आणते आणि मग प्रत्येक वेगळे पुस्तक व प्रत्येक वेगळा सभासद यांसाठी स्वतंत्र सिलेक्ट पाठवते. दोन्ही नाती 'लेझी' (गरज पडल्यावरच आणणारी) करा आणि यादीच्या पानासाठी रिपॉझिटरीत जॉइन फेच (जोडलेल्या वस्तू त्याच सिलेक्टमध्ये आणणे) असलेली एक वेगळी क्वेरी लिहा. एक सिलेक्ट राहील. त्याच वेळी ओपन-इन-व्ह्यू हा गुणधर्म 'फॉल्स' करा. तो मुळात 'ट्रू' असतो, सुरू होताना लॉगमध्ये त्याचा इशाराही येतो, पण तो कोणी वाचत नाही. तो 'ट्रू' असला की पान तयार होईपर्यंत हायबरनेटचे सेशन (डेटाबेसशी चाललेला संवाद) उघडे राहते आणि टेम्पलेटमधून गुपचूप सिलेक्ट जात राहतात. तो बंद केला की जॉइन फेच विसरल्यावर लेझी-इनिशियलायझेशनचा अपवाद लगेच समोर येतो. शिकताना तो समोर आलेलाच बरा.

उत्तर: दाखल_क्रमांक

तांत्रिक उत्तर वर आलेच आहे. मला आपल्या तीन एंटिटींबद्दल बोलायचे आहे. मी स्वतः वाचनालयाच्या खिडकीवर बसलेलो आहे. देवघेवीच्या वहीत पुस्तकाचे नाव सोयीसाठी लिहितात, खरी ओळख असते ती दाखल क्रमांकाची. एकाच कादंबरीच्या तीन प्रती असतील तर दाखल नोंदवहीत त्यांचे तीन क्रमांक असतात, आणि सभासद पुस्तक नेत नाही, एक विशिष्ट प्रत नेतो. आपल्या मांडणीत देवघेव थेट पुस्तकाला जोडलेली आहे, त्यामुळे दुसरी प्रत कपाटात असूनही अ‍ॅप "पुस्तक बाहेर आहे" असे सांगेल. 'प्रत' ही चौथी एंटिटी करा. दाखल क्रमांक तिच्यावर, लेखक-शीर्षक पुस्तकावर, आणि देवघेव प्रतीला जोडलेली.

याच ठिकाणी नमुना अ‍ॅपचा खरा कस लागतो. दोन खिडक्यांवरून एकाच वेळी एकच दाखल क्रमांक चुकून टाकला गेला तर काय होईल? आपण बहुधा सर्व्हिसमध्ये "ही प्रत बाहेर आहे का" असे आधी विचारून मग नोंद करत असाल, आणि त्या मेथडवर ट्रान्झॅक्शनल (सर्व बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द) असे लिहिले म्हणजे काम झाले असे समजत असाल. तसे होत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची मूळ पातळी रीड कमिटेड असते, म्हणजे दुसऱ्याचे पक्के झालेले बदलच दिसतात. दोन्ही ट्रान्झॅक्शन "प्रत आत आहे" असेच पाहतात, दोन्ही नोंद करतात आणि दोन्ही यशस्वी होतात. ही अट डेटाबेसकडेच सोपवायला हवी. पोस्टग्रेसमध्ये देवघेवीच्या तक्त्यावर प्रतीच्या स्तंभाचा युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारा) करा, आणि त्याला 'परत दिनांक नल असेल तेथेच' अशी व्हेअरची अट जोडा. मग एका प्रतीच्या जुन्या, परत आलेल्या नोंदी कितीही असू शकतात, पण उघडी नोंद एकच.

असा अंशतः लागू होणारा इंडेक्स एचटूमध्ये करता येत नाही. म्हणून माझे मत असे की डेटाबेसचा पत्ता फाइलचा करण्याचा खटाटोप सोडून आताच पोस्टग्रेसवर जावे. जाताना एक लक्षात ठेवा: बूट ३.३पासून फ्लायवेची दहावी किंवा त्यापुढची पिढी येते आणि तिच्यात पोस्टग्रेसचा आधार वेगळ्या मॉड्यूलमध्ये आहे; ते पोम या मेव्हनच्या फाइलीत जोडले नाही तर "हा डेटाबेस चालत नाही" असा चकवणारा संदेश येतो.

उत्तर: साधा_एसक्यूएल

मी थोडा वेगळा सूर लावतो. चार तक्ते आणि तीन पाने यांसाठी जेपीए हवेच का? बूट ३.२पासून जेडीबीसीक्लायंट (एसक्यूएल थेट चालवण्याचे साधन) मिळतो. क्वेरी स्वतः लिहायची, ओळ रेकॉर्डमध्ये घ्यायची, लेझी-ईगर हा विषयच संपला. तरीही आपल्याला नोकरीसाठी शिकायचे असेल तर जेपीए टाळता येणार नाही, कारण बहुतेक जुन्या प्रकल्पांत तेच भेटते. फ्लायवे आणि तो इंडेक्स दोन्ही वाटांवर तसेच लागतील.

प्रश्नकर्ता: देवघेव_खिडकी

सर्वांचे आभार. प्रत ही एंटिटी केली, पोस्टग्रेसवर गेलो, यादी एका सिलेक्टमध्ये येते. 'व्हॅलिडेट'ने पहिल्याच दिवशी अडवले: देवघेवीचा सीक्वेन्स (नव्या नोंदींना क्रमांक देणारा गणक) सापडत नाही, आणि तो तयार केल्यावर त्याची वाढ १ आहे, ५० अपेक्षित आहे. तो 'इन्क्रिमेंट बाय ५०' असा नव्याने केल्यावर अ‍ॅप सुरू झाले.

आता नवा घोळ. सर्व्हिसच्या मेथडमध्ये सेव्हभोवती ट्राय-कॅच घालून डेटा-इंटिग्रिटी-व्हायोलेशनचा (डेटाबेसची अट मोडल्याचा) अपवाद पकडला आहे आणि "ही प्रत आधीच दिलेली आहे" असा संदेश ठेवला आहे. दोन ब्राउझरमधून मुद्दाम एकच प्रत देऊन पाहिली, तर दुसरी नोंद होत नाही, हे उत्तम. पण माझा कॅच चालतच नाही आणि वापरणाऱ्याला पुन्हा तेच व्हाइटलेबल पान दिसते.

उत्तर: जुना_टॉमकॅट

कारण त्या क्षणी इन्सर्ट झालेलेच नसते. आपला क्रमांक सीक्वेन्समधून येतो, त्यामुळे सेव्ह म्हटल्यावर हायबरनेट फक्त क्रमांक घेऊन वस्तू स्वतःजवळ ठेवतो; इन्सर्ट जाते ते कमिटच्या (ट्रान्झॅक्शन पक्के होण्याच्या) वेळी, म्हणजे आपली मेथड आणि तिच्यातला कॅच संपून गेल्यावर. आयडेंटिटी (तक्ता स्वतःच क्रमांक देतो ती पद्धत) वापरली असती तर सेव्हच्याच ओळीवर इन्सर्ट गेले असते.

सेव्ह-अँड-फ्लश (इन्सर्ट लगेच डेटाबेसकडे पाठवणे) लिहून अपवाद लवकर ओढून आणता येतो, पण तो त्याच मेथडमध्ये पकडून पुढे आणखी क्वेरी करू नका: पोस्टग्रेसमध्ये एक विधान फसले की ते संपूर्ण ट्रान्झॅक्शन निकामी होते आणि रोलबॅक (सर्व बदल मागे घेणे) होईपर्यंत पुढचे प्रत्येक विधान नाकारले जाते. सरळ मार्ग असा की सर्व्हिसमधून ट्राय-कॅच काढून टाका, अपवाद ट्रान्झॅक्शनच्या बाहेर येऊ द्या आणि तो कंट्रोलरमध्ये (ब्राउझरची विनंती घेणाऱ्या वर्गात) पकडा. तेथे तो आला म्हणजे रोलबॅक झालेला असतो, आणि त्याच फॉर्मवर आपला संदेश दाखवता येतो. "प्रत बाहेर आहे का" ही आधीची तपासणी मात्र ठेवा. नेहमीच्या प्रसंगी तीच उपयोगी पडते, आणि सभासदाचे नाव व परतीची मुदत तिच्यामुळेच संदेशात लिहिता येते.

प्रश्नकर्ता: देवघेव_खिडकी

कंट्रोलरमध्ये हलवले आणि दोन्ही ब्राउझरमध्ये हवे तसे दिसले. एक शेवटचे: शीर्षकांच्या यादीत 'क्ष'ने सुरू होणारी पुस्तके 'क'च्या गठ्ठ्यात येतात. हे माझ्या क्वेरीमुळे आहे का?

उत्तर: दाखल_क्रमांक

नाही. युनिकोडमध्ये क्ष हे क, हलन्त आणि ष असे तीन संकेत आहेत, आणि नुसत्या संकेतक्रमाने लावल्यास ते 'क'मध्येच पडणार. ळ देखील त्याच कारणाने 'ल'च्या पाठोपाठ येतो. पोस्टग्रेस आयसीयू या, भाषांचे नियम सांभाळणाऱ्या लायब्ररीसह बांधलेला असेल तर त्यात मराठीसाठी 'एमआर-एक्स-आयसीयू' हे कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) असते. पुढच्या क्रमांकाच्या फ्लायवे फाइलीत शीर्षकाच्या स्तंभाला ते लावा.