स्टॅटिनमुळे होणारी अंगदुखी ‘मनाचा खेळ’ ठरवणाऱ्यांस

नौपाडाकर
स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने, अंग दुखते हा केवळ मनाचा खेळ असून ती सोडणारे भित्रे असतात, असे काल एका सदस्याने येथे लिहिले. आधार दिला तो लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या २०२० मधील सॅमसन प्रयोगाचा. त्यात स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच दिले नाही. खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. परंतु उरलेल्या दहा टक्क्यांत माणसे नसतात काय?
रोसुवास्टॅटिन हे स्टॅटिन २० मिलिग्रॅमने सुरू झाल्यावर येऊरचा चढ दूरच, ठाणे स्थानकाचा जिना चढतानाही माझ्या मांड्या भरून येत. डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्तचाचणी) न तपासता वयावर बोट ठेवले. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्रा ५ वर आणून जोडीला इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचे दुसरे औषध दिले आणि त्रास थांबला. आशियाई वंशाच्या रुग्णांच्या रक्तात या औषधाचे प्रमाण अधिक वाढत असल्याने रोसुवास्टॅटिनची सुरुवात ५ मिलिग्रॅमने करण्याचा विचार व्हावा, ही सूचना अमेरिकेतील माहितीपत्रकात २००५ पासून आहे. हाही मनाचा खेळ का?

सीवूड्सची रहिवासी
ते दहा टक्के माणसांचे नव्हेत, त्रासाचे आहेत. लिहिण्यापूर्वी नीट वाचावे. असेच अनुभव वाचून माझ्या यजमानांनी कोणालाही न विचारता गोळी बंद केली आणि पुढे अँजिओप्लास्टीची वेळ आली. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात ४,४४४ हृदयरुग्णांपैकी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. मांडी दुखते म्हणून यावर पाणी सोडायचे?

कोपरीचा वाचक
दोघेही रसायनांतच अडकला आहात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळापासून गुगुलिपिड हे कोलेस्टेरॉलवरचे औषध तयार केले, त्याचा उल्लेखही कोणी करत नाही. माझे वडील गुग्गुळावरच ठणठणीत आहेत.

सीवूड्सची रहिवासी
२००३ मध्ये अमेरिकेत गुगुलिपिडची खोट्या गोळीशी तुलना झाली, तेव्हा एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, घटण्याऐवजी वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. वडिलांचा लिपिड प्रोफाइल येथे लिहा, मग बोलू.

कोपरीचा वाचक
माझ्या वडिलांचे अहवाल मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तिकडचा आहार वेगळा आहे, आणि त्याआधी भारतात झालेल्या चाचण्यांत कोलेस्टेरॉल घटले होते, हे आपण सोयीस्करपणे वगळता.

नौपाडाकर
गुग्गुळासाठी वेगळा धागा काढावा. नैसर्गिक विरुद्ध रसायन ही विभागणीही टिकत नाही, कारण जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना पहिले स्टॅटिन बुरशीतच सापडले. शिवाय औषध बाजारात आहे म्हणजे ते निर्धोक, असेही नाही: स्नायू विरघळण्याच्या घटनांमुळे सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन २००१ मध्ये मागे घ्यावे लागले.
सीवूड्सच्या ताईंचे एवढे मान्य करतो की परस्पर गोळी बंद करणे घातक आहे. मी स्वतः ती सोडलेली नाही.

सीवूड्सची रहिवासी
मग शीर्षकाखाली पहिले वाक्य तेच हवे होते. सीपीके, थायरॉइड आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासल्याशिवाय दुखणे वयावर ढकलू नये, एवढ्यापुरती मी आपल्याशी सहमत आहे. ‘भित्रे’ हा शब्द मात्र मी लिहिलेला नव्हता, त्याचा जाब मला विचारू नये.