कॅम्पसवरची आणीबाणी: ऐनवेळी नेमकं काय अडतं? (अनुभव धागा, नाशिक)

संयोजक

गंगापूर रोडपासून आडगावपर्यंत होस्टेलं आणि पीजी पुन्हा भरलीत. सुरक्षेचे फलक प्रत्येक कॉलेजात आहेत. फलकाखालचं कपाट उघडतं का, ते या धाग्यात विचारतोय. आपबीती नको, कॉलेजांची नावंही नकोत. रोज ज्या वस्तूशी तुमचा संबंध येतो ती कशी तपासायची, किती लागते आणि कुठे दगा देते, एवढं लिहा. नंबर एकदाच देऊन ठेवते: सगळ्यासाठी ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, एलपीजी गळती १९०६, वनविभाग १९२६, मानसिक आरोग्य १४४१६, रॅगिंग १८००-१८०-५५२२.

शिडीवाला (अग्निशमन देखभाल)

आग विझवायच्या ड्राय पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात दिसला की तपासणीच्या कार्डावर सही होते. काटा फक्त दाब सांगतो. वर्षभर एकाच हुकाला लटकलेल्या सिलिंडरात पावडर तळाशी घट्ट बसते, मग पिन काढून दाबल्यावर नुसती हवा फुस्स. महिन्यातून एकदा खाली उतरवा, उलटा धरून बुडावर तळहाताने थापटा आणि आत पावडर सरकल्याचा आवाज येतो का ऐका. आवाज नाही आला तर कंत्राटदाराला बोलवा.

सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडरला काटाच नसतो, त्याचं वजन करावं लागतं. रिकामं वजन अंगावर कोरलेलं असतं. आतला गॅस दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर भरून घ्यायचा. वजनकाटा शोधत फिरू नका, मेसच्या कोठीत धान्याचा असतोच. वापरताना भोंगा हातात धरू नका, थंडीने कातडी चिकटते, हात मुठीवरच. कॉम्प्युटर लॅबला सीओटूच ठेवा, कारण पावडर मशीनच्या आत गेली की आगीतून वाचलेलं मशीनही गेलं. खोली लहान असेल तर मारून लगेच बाहेर या, तो गॅस तुमचाही श्वास कोंडतो.

सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. म्हणून पाठीशी दार, अंतर दोन-तीन मीटर आणि मारा ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडाशी. पहिल्या सिलिंडरने आग बसली नाही तर दुसरा शोधू नका, दार ओढून घ्या आणि बाहेर पडा.

आता हायड्रंट, म्हणजे आगीसाठीची पाण्याची लाइन. इथे घोळ जवळजवळ ठरलेला. लाइनला कुठेतरी बारीक गळती असते, त्यामुळे लाइनचा दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो, रात्री आवाजाचा त्रास होतो आणि कोणीतरी पॅनेलचा खटका 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर किंवा थेट बंदवर टाकून जातो. पुढे आगीच्या वेळी व्हॉल्व्ह उघडला तरी पाणी नाही. डिझेल पंप असेल तर त्याची बॅटरी उतरलेली. लाल पेटीत नळी असते पण पुढचा पितळी नोझल गायब असतो, पितळेला भंगारात भाव आहे ना! नोझलशिवाय नळीतून नुसतं पाणी सांडतं, फेक मिळत नाही.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचा 'ब' नमुन्यातला दाखला जानेवारीत आणि जुलैत, असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो. तो ऑफिसात बसून घेऊ नका. एजन्सीच्या माणसाबरोबर फिरा आणि पंप तुमच्यासमोर चालू करायला लावा.

बुन्सेन (रसायनशास्त्र, प्रयोगशाळा सहायक)

पहिलं म्हणजे फ्रिज. घरगुती फ्रिजमध्ये ईथर किंवा तसलं पटकन उडणारं सॉल्व्हंट ठेवू नका. बाटलीतून वाफ झिरपते, बंद डब्यात साठते आणि आतल्या थर्मोस्टॅटच्या किंवा दिव्याच्या खटक्याची ठिणगी तिला पुरते. दार उडून समोरच्या भिंतीवर जातं. त्यासाठी आत ठिणगी न होणारा वेगळा फ्रिज मिळतो. तो नसेल तर असलं सॉल्व्हंट फ्रिजमध्ये ठेवायचंच नाही.

नायट्रिक ॲसिडला स्वतंत्र कपाट. ग्लेशियल ॲसिटिक हेही ॲसिडच म्हणून त्याच्या शेजारी ठेवतात, पण ते जळणारं आहे, नायट्रिकबरोबर नको. टाकाऊ द्रावाची बाटली तीन-चतुर्थांशच भरा. नायट्रिक आणि अल्कोहोल एकाच वेस्टच्या बाटलीत ओतून झाकण घट्ट लावलं तर तासाभराने, सगळे घरी गेल्यावर, ती फुटते.

अंगावर ॲसिड उडालं तर आधी कपडे काढा, लाज नंतर. नळाखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. सोडा चोळून ॲसिड मारायला जाऊ नका, त्या क्रियेतही उष्णता निघते आणि भाजण्यात भर पडते. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान पंधरा मिनिटं पाणी. लेन्स असेल तर धुता धुता काढायची, ती निघेपर्यंत धुणं थांबवायचं नाही. आयवॉश (डोळे धुवायचा नळ) दर सोमवारी दोन-तीन मिनिटं चालवून ठेवा, नाहीतर पहिली पिचकारी गंजाची येते आणि तीही डोळ्यातच.

सोडियमच्या आगीवर पाणीही चालत नाही आणि सीओटूही. कोरडी वाळू लागते. आमच्याकडच्या वाळूच्या बादल्यांत चहाचे कप, पानाची पिंक आणि पावसाळ्यात खिडकीतून आलेलं पाणी असतं. ओली वाळू सोडियमवर टाकली तर हायड्रोजन तयार होऊन आग वाढते. लॅबमधल्या बादलीला झाकण आणि बाहेरच्या व्हरांड्यातली बादली वेगळी, एवढं पुरे.

रात्रपाळी (कॅज्युअल्टी डॉक्टर)

थंडीत पारा एक आकड्यावर आला की पीजीमधून एका विशिष्ट तऱ्हेचे पेशंट यायला लागतात: बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलेली मुलगी, डोकं दुखतंय, उलटी झाली, सोबतच्या मैत्रिणी म्हणतात पित्त झालंय. विचारा, गॅस गिझर आहे का? आणि कुठे बसवलाय?

लहान बाथरूम, खिडकी थंडीमुळे बंद आणि आतच गिझर. त्यात तिघी-चौघींच्या अंघोळी एकामागून एक. हवेतला ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. शेवटची अंघोळ करणारी सापडते.

आणि इथेच नवशिका फसतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो! त्या यंत्राला रक्तातला ऑक्सिजन आणि मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. आकडा चांगला आहे म्हणून मुलीला खोलीवर झोपवू नका. आधी गॅस बंद, दार-खिडक्या उघड्या, तिला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ लावा. पिशवीच्या मास्कमधून मिनिटाला दहा-पंधरा लिटर ऑक्सिजन लागतो, नाकातल्या नळीने भागत नाही. फोनवर सांगताना 'गॅस गिझर' हे दोन शब्द सांगाच, नाहीतर इकडे साखर आणि बीपी तपासण्यात वेळ जातो.

घरमालकांना एकच सांगणं: गिझर बाथरूमच्या बाहेर, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपासह. तोवर मुलींनी बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार दोन मिनिटं उघडं ठेवावं आणि मगच अंघोळ. ज्योत निळी न राहता पिवळी झाली तर मिस्त्री बोलवा. कडी बाहेरूनही काढता येईल अशी बसवा. थंडीत बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली तरी हाच गॅस.

रेक्टरबाई

वरच्याला जोडून. 'आमच्याकडे गॅसचा डिटेक्टर आहे' असं सांगणाऱ्यांकडे बहुतेक एलपीजीचा असतो, मोनॉक्साइड त्याला कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभराच्या आत हवा. मोनॉक्साइड हवेत मिसळून राहतो, त्याचा डिटेक्टर श्वासाच्या उंचीवर. आमच्या मेसमध्ये दोन्ही आहेत. सुतार मात्र सगळं छताशी ठोकून देतो, कारण तिथे वायर सोपी जाते.

खोल्यांतल्या पाणी तापवायच्या रॉडबद्दलही. १५०० वॅटची रॉड साडेसहा अँपियर ओढते आणि मुलं ती मोबाइलच्या चार्जरशेजारी सहा अँपियरच्या साध्या बोर्डात लावतात. बोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं की त्या खोलीत रॉड आहे असं समजा. जप्त करण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा एक नळ चालू ठेवलेला स्वस्त पडतो. मजल्याला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा खटका) बसवा आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्याला दाबा. दाबून पडला नाही तर तो शोभेचा.

सर्पमित्र

पांडवलेणीच्या अंगाला, मखमलाबादच्या मळ्यांकडे आणि गवत वाढलेल्या कुठल्याही मैदानाला लागून होस्टेल असेल तर पावसाळ्यात मण्याराची आठवण ठेवा. नाग, घोणस, फुरसं चावलं की दुखतं, सूज येते, माणूस आरडाओरडा करतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. 'काल रात्री काय खाल्लं' असं विचारत बसण्यात तास जातो. जमिनीवर झोपून उठलेला मुलगा पहाटे असं काही सांगत असेल तर सर्पदंश धरूनच चाला. जमिनीवर झोपायचंच असेल तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा.

आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको. अंगठी, घड्याळ, पैंजण लगेच काढा. हाड मोडल्यावर बांधतात तशी पट्टी किंवा फळी लावून अवयव स्थिर ठेवा. चालवू नका, गाडी नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवा. प्रतिसर्पविष जिथे आहे तिथेच न्या, वाटेतल्या छोट्या दवाखान्यात थांबू नका. जिल्हा रुग्णालय त्र्यंबक नाक्याजवळ आहे, हे नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात दाखवून ठेवा. साप मारून सोबत नेऊ नका. आपल्याकडे या चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालतं.

बिबट्या दिसला तर १९२६. मुलांना वर्गात घ्या, फाटक उघडं ठेवा म्हणजे त्याला परतीची वाट राहील आणि मोबाइल घेऊन गच्चीवर जमलेली गर्दी आधी खाली उतरवा. बिबट्यापेक्षा ती गर्दी आवरणं अवघड असतं.

मेन गेट (सुरक्षा पर्यवेक्षक)

रुग्णवाहिका कॅम्पसपर्यंत वेळेत येते आणि आत अडकते. कमान बुटकी, मागच्या गेटची किल्ली दिवसाच्या गार्डच्या खिशात, वळणावर दुचाकींची रांग, नकाशावरची खूण भलत्याच गेटवर. १०८ ला पत्ता सांगताना कॉलेजचं नाव पुरत नाही. रस्ता, जवळची खूण, कोणतं गेट आणि कोणती इमारत, कितवा मजला हे सगळं सांगा. फोन तुम्ही आधी ठेवू नका. एक जण गेटवर, एक जण वळणावर टॉर्च घेऊन. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का, ते टेप लावून आजच मोजा. मावत नसेल तर जिन्याने न्यायची घडीची खुर्ची घ्या.

मुलगा पडला, हलवूनही उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर फोन स्पीकरवर टाका आणि छातीच्या मधोमध दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो. फिट आली असेल तर दाबून धरायचं नाही, कांदा-चप्पलही नको. डोक्याखाली काहीतरी मऊ आणि झटके थांबले की कुशीवर. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

गंगेकाठचा

गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, पण कॉलेजने निर्णय मारुती बघून घेऊ नये. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना आली की पंचवटी, म्हसरूळकडे राहणारी मुलं आधी सोडा किंवा मग पाणी उतरेपर्यंत थांबवाच. पूल बंद व्हायच्या बेतात असताना तीनला सुट्टी देणं सगळ्यात वाईट. नासर्डी नदीला धरणाची सूचना लागू नाही, ती शहरातल्या पावसावर तासाभरात चढते. तिच्या काठच्या कॉलेजांनी जनरेटर आणि विजेचं पॅनेल तळघरात ठेवू नये. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मांडववाला

गॅदरिंग. कोचीच्या विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ ला कार्यक्रमाआधी चार जण गेले. पाऊस आला, बाहेरचे आत घुसले आणि प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली. आपल्याकडे २७ ऑगस्ट २००३ ला कुंभात रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ जण गेले. उतार, अरुंद जागा आणि पुढे काय चाललंय ते मागच्यांना न दिसणं, या तीन गोष्टी एकत्र येऊ देऊ नका. दरवाजे कार्यक्रमाच्या तासभर आधी उघडा, गर्दी साचून मग सोडू नका. पायऱ्यांच्या तोंडाशी रांग नको. सगळी दारं बाहेर उघडणारी, कड्या काढलेल्या. गर्दी दाबायला लागली की माइक संगीतवाल्याच्या हातून घ्या आणि मागच्यांना मागे सरकायला सांगा. पुढच्यांना सांगून उपयोग नसतो, त्यांना हलताच येत नाही.

टाकीवाला

पाण्याचं थोडक्यात. टाकी धुतल्याची तारीख रंगवून ठेवतात, पण क्लोरीन कोणी बघत नाही. हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी टाकीत सोडा, अर्धा तास थांबा. मग ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन तपासायची) शेवटच्या मजल्यावरच्या, टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाला करा. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी दिसायला हवं. टाकीत आहे आणि नळाला नाही, तर मधे कुठेतरी ड्रेनेज मिसळतंय, त्या मजल्याचं पाणी आधी बंद करा. उघड्या पोत्यातली पावडर दोन-तीन महिन्यांत उतरते, तिचा हिशेब धरू नका. कूलर आणि फ्रिजमागचे ट्रे आठवड्यातून एकदा कोरडे, डासाची अळी आठ-दहा दिवसांत उडायला लागते.

शिडीवाला

@टाकीवाला, टाकी धुताना आगीच्या वाट्याचं पाणीही सोडून देतात. ती टाकी वेगळी करा. एकच असेल तर पिण्याच्या पाण्याचा पाइप तळापासून वर घ्या, म्हणजे आगीपुरतं पाणी खाली कायम राहील.